खरेदी केंद्रावर हिंमत कशी बांधावी

कापूस चांगला, भाव पाठ, तरी ग्रेडरसमोर उभं राहिलं की आवाज घशातच अडकतो, अशा कोरपना तालुक्यातल्या कास्तकारांसाठी हे मार्गदर्शन आहे.

विद्येचं नाव न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, लाडानं एनएलपी. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात रिचर्ड बँडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर हा भाषाशास्त्राचा प्राध्यापक यांनी फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सॅटिर, मिल्टन एरिक्सन अशा नावाजलेल्या उपचारकांचं बोलणं-वागणं न्याहाळलं. यशस्वी माणसाची बारकाईनं नक्कल केली की यश येतं, असं त्यांनी ठरवलं. (शेजाऱ्याचं पीक पाहून त्याच बियाण्याचं पाकीट आणायचा प्रयोग आपण फार आधीपासून करतो. निकाल सर्वांना ठाऊक आहे.)

सुरुवात ‘अँकर’पासून. डोळे मिटून विजयाचा एखादा क्षण आठवा. चित्र मोठं, रंगीत करा, जवळ आणा. छाती भरून आली की अंगठा आणि तर्जनी घट्ट दाबा. रोज सराव केला की पुढे नुसती बोटं दाबताच तीच हिंमत येते म्हणतात. पोळ्याला तुमची जोडी उठून दिसली असेल तर तो क्षण उत्तम. पीककर्ज पहिल्याच फेरीत मिळालेला दिवसही चालेल. असा दिवसच नसेल तर दुसऱ्याचा उसना घ्या. विद्या मुळात नकलेचीच आहे. बोटं दाबताना हातात सातबारा नको, चुरगळतो. रांगेतला कुणी “काऊन गा, बोटात काटा गेला का?” असं विचारील. “हो” म्हणा. खुलासा करत बसाल तर नंबर जाईल.

मग ‘मिररिंग’. ग्रेडर कमरेवर हात ठेवील, तुम्हीही ठेवा. तो मान डोलवील, तुम्हीही डोलवा. तो कापसाची मूठ उचलून नाक मुरडील, तेव्हा मात्र थांबा. आपल्याच मालाला मालकानं नाक मुरडलेलं पाहिलं की भाव आणखी खाली येतो.

डोळ्यांवरून खोटं ओळखण्याची युक्तीही या शास्त्रात सांगतात. २०१२ साली रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. नजरेची दिशा आणि खोटेपणा यांचा संबंध सापडला नाही. तरी सराव सोडू नका. गाड्यांच्या रांगेत दुसरं काय करणार?

विचारांची सवय बदलण्यासाठी ‘रीफ्रेमिंग’ आहे. गुलाबी बोंडअळी पडली असं म्हणू नये; आपली पऱ्हाटी कुणाला तरी मनापासून आवडली, असं म्हणावं. गडचांदूर, आवारपूरकडच्या शिवारात पानांवर सिमेंटची धूळ दिसली तर शेताचं पक्कं बांधकाम फुकटात सुरू झालं, असं समजावं. मजुरांना वेचणीचे पैसे देताना हेच तंत्र वापरू नका. त्यांना मोजलेल्या नोटा लागतात.

राहिला ओलावा मोजायचा मीटर. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, तो ८ टक्के ओलाव्याला. त्यापुढे कपात, १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. मीटरला नजर नाही, कंबर नाही, बालपण नाही. त्याच्यावर कुठलाच अँकर बसत नाही. म्हणून या विद्येची एक पायरी घरीच उरकावी: कापसाला दोन-तीन चांगली उन्हं दाखवावीत, मगच गाडी भरावी. अशा कापसाजवळ उभं राहून बोटं दाबली तर हिंमत हमखास येते.