गडग्याच्या अलीकडे, पलीकडे

जुन्या कोकणाची चित्रफीत चारचौघांत लावू नये. 8 मिलिमीटरच्या त्या फिती मुळातच मुक्या. बोलायचं काम प्रेक्षक करतात, आणि सगळे एकदम.

आमच्या धाकट्या आजोबांना कॅमेऱ्याचा नाद होता. ते बोटीने गावी जात तेव्हाच्या फिती नातवाने टीव्हीवर दिसतील अशा करून घेतल्या. भाऊच्या धक्क्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, डेकवर चटया टाकून आडवी झालेली माणसं. बंदर आलं की बोट लांबच नांगरायची आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला. सेकंदाला 16 चित्रं घेतलेली फीत आजच्या वेगाने फिरवली, की पडावात उतरणारी आजी तुरुतुरु धावते आणि सुना थक्क होतात. कोणी "मालवण!" म्हणायचा अवकाश, मागून "मेल्या, ह्यां मालवण न्हय, देवगड आसा" आलंच.

किनारा सुटून डोंगर लागला की खरी गंमत. "काय रान होतं रे त्या काळी!" म्हणून भाऊकाका उसासा टाकतात. पडद्यावर त्या वेळी पिवळ्या गवताचा सडा आणि चार बोडके ऐन. पावसाळ्यात बोट बंद, त्यामुळे कॅमेरा कोकणात पोचायचा तो दिवाळीनंतर, नाहीतर मे महिन्यात. हिरवं कोकण फितीत सापडणार कुठून? शिवाय राबासाठी ऐनाचे टहाळ वर्षानुवर्षं तोडलेले, चुलीचं सरपण आणि भट्ट्यांचा कोळसा त्याच डोंगरातला. पुढे गॅस आला, माणसं मुंबईला गेली, 1990 नंतर फळबागांच्या सरकारी योजनेत सड्यांवर आंब्याची कलमं आणि काजू चढले. कलमांची बाग म्हणजे रान नव्हे, हे मलाही कळतं. पण आमचा तो डोंगर आज तेव्हापेक्षा जास्त झाकलेला आहे, असं मी एकदा बोलून गेलो, तर काकूने सोलकढी माझ्यापर्यंत येऊच दिली नाही.

अख्ख्या फितीत दाट, काळंभोर रान म्हणावं ते देवराईपुरतं. तिथे कुऱ्हाड लावायची कोणाची छाती नव्हती. ती दिसली की आत्या बसल्या जागी हात जोडते. नमस्कार पुरा होईपर्यंत पडद्यावर म्हशी आलेल्या असतात.

कोकणातलं बरंचसं रान खासगी, आणि सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची ही भली मोठी रांग. त्यामुळे कॅमेरा गडग्यावरून सरकला की "थांबव! मागे घे!" असा एकच गलका. जांभ्या दगडांचा तो गडगा आणि त्याच्या कडेचा फणस. भाऊकाकांना फणस अलीकडे दिसतो, बापूकाकांना पलीकडे. चित्र मागे-पुढे करून नातवाचा अंगठा दुखायला लागला, तरी फणस काही निकाल देईना.

"हे कोर्टात चालेल का?" भाऊकाकांनी घरातल्या वकिलाला विचारलं.

"चालेल. पण आजोबा नेमके कुठे उभे राहून चित्र घेत होते, ते आधी शाबीत करावं लागेल."

"आमच्या जागेत," दोघे काका एकदम म्हणाले.