समासातले समीक्षक

पुण्या-मुंबईला एखाद्या पुस्तकावर मत द्यायचं तर आधी सभागृह ठरवावं लागतं, मग अध्यक्ष, मग शाल-नारळ, आणि आभाराला कुणीतरी. खानदेशातल्या आमच्या चोपड्यात एक शिसपेन्सिल पुरते.

वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकावर पहिल्याच पानाला जांभळ्या शाईचा शिक्का असतो : 'पुस्तकात काहीही लिहू नये.' एका जाडजूड सामाजिक कादंबरीत या शिक्क्याखाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, 'हे लेखकाला आधी सांगायला पाहिजे होतं.' मराठी समीक्षा मी पुष्कळ वाचली आहे. इतक्या कमी शब्दांत इतकं काम उरकलेलं दुसरीकडे पाहिलं नाही.

मी तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत असे. जन्मभर लाल शाईनं पोरांच्या वह्यांच्या समासात शेरे मारले : 'अक्षर सुधारा', 'विषयाला धरून लिहा', 'उदाहरण कुठे आहे?' पुढे पोरं मोठी झाली, वाचनालयाची सभासद झाली आणि त्यांनी तेच शेरे थोर साहित्यिकांना मारायला सुरुवात केली. निवृत्तीनंतर वाचनालयात बसू लागलो तेव्हा मला हे कळलं. एका ज्ञानपीठविजेत्या लेखकाला आमच्याकडे कुणीतरी 'विषयाला धरून लिहा' असं बजावलेलं आहे. शिक्षकाचं काम वाया जात नाही म्हणतात ते असं.

समासातली सगळ्यात मोठी लढाई 'मृत्युंजय'मध्ये चालू आहे. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 साली आली. आमच्या वाचनालयातल्या प्रतीची बांधणी इतक्यांदा झाली आहे की आता तिच्यात कागदापेक्षा खळ जास्त असावी. एका पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, 'कर्णावर अन्याय झाला.' खाली निळ्या बॉलपेननं, 'भर सभेत द्रौपदीला काय बोलला ते विसरला का?' त्याखाली, 'तो रागात होता.' त्याखाली, 'मग दुर्योधनपण रागातच होता.' पुढं एक शांतताप्रिय गृहस्थ, 'भांडू नका, दुसऱ्याला वाचू द्या.' आणि सगळ्यात खाली, जागा संपल्यामुळे आडवं : 'दोघांचं चुकलं. कृष्णाचंपण.' हा निकाल लागल्यानंतर पुढचं युद्ध वाचायची तशी गरज उरत नाही.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त भांडण नाही, तिथं अधोरेखन आहे. 1959 सालची ही कादंबरी, 1974 साली तिच्या लेखकाला ज्ञानपीठ मिळालं, आणि वाचक तेव्हापासून पट्टी घेऊनच बसलेत. प्रत्येक वाक्य सुविचारासारखं, त्यामुळे कुठलं सोडावं हा प्रश्न. पहिल्या वीसेक पानांत एकही ओळ रेघेवाचून राहिलेली नाही. मग एकाचा हात दुखला असावा, कारण त्यानं समासात उभा कंस करून लिहून टाकलं, 'सगळंच महत्त्वाचं.' काही ओळींपुढे इंग्रजी आद्याक्षरं आहेत. हा निव्वळ साहित्यप्रेमाचा मामला नव्हे हे मी ओळखतो. त्या काळात आमच्या तालुक्यातल्या किती प्रेमपत्रांचे मूळ लेखक खांडेकर होते, हे पोस्टमनलाही सांगता येणार नाही.

बाबूराव अर्नाळकरांच्या वाट्याला मात्र घोर संकट आलं. या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोचवले. पण समासात पेन्सिल घेऊन बसलेल्या शत्रूचा बंदोबस्त त्यांना करता आला नाही. एका पुस्तकात पाचव्याच पानावर लिहिलेलं आहे, 'खून मामानं केला.' त्याखाली दुसऱ्या हातानं, 'खोटं. मामा निर्दोष. पुढं वाच.' मी श्वास रोखून शेवटपर्यंत गेलो. खून मामानंच केला होता. पण त्या दुसऱ्या वाचकाच्या परोपकाराला तोड नाही. एका फितुरानं फोडलेलं रहस्य त्यानं एका खोट्या वाक्यात परत शिवून दिलं. अर्नाळकरांना कळतं तर त्यांनी त्याला झुंजारच्या टोळीत घेतलं असतं.

लोकप्रिय पुस्तकांचा आणखी एक किस्सा वर्णानुक्रमाचा आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणजे आम्हाला घरचेच. नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 1933 साली लिहिलेली 'श्यामची आई' नोंदवहीत जिथं येते, त्याच्या अगदी खालच्या ओळीत 'अ आ इ ई'च्या कृपेनं येते ती चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा'. म्हणजे जिच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि जी 1969 साली थेट सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटली, ती. जुन्या सभासदांच्या सांगण्यावरून, त्या काळी बरेच तरुण भारदस्त आवाजात 'श्यामची आई' मागत आणि बोट खालच्या ओळीवर ठेवत. ग्रंथपालही जाणते. कपाटातून बरोबर बोटाखालचं पुस्तक निघे. एखादा नवखा शिपाई मात्र तोंडाचं ऐकायचा, आणि मग त्या तरुणाला घरी जाऊन खरोखर रडावं लागायचं.

आता अभिजात वाङ्मय. अभिजात म्हणजे ज्यावर बोलायला ते वाचावं लागत नाही असं. आमच्या भागात या बाबतीत मोठीच सोय आहे, कारण भालचंद्र नेमाडे आमच्याच जिल्ह्यातल्या सांगवीचे. त्यामुळे 'कोसला' इथं फारसं कुणी वाचत नाही. गावातल्या माणसाचं काय वाचायचं? प्रत्येकाचा एक मावसभाऊ किंवा साडू असतो, तो 'त्यांच्याकडचा' असतो, आणि तेवढ्या भांडवलावर माणूस 1963 पासून आजवरच्या मराठी कादंबरीवर बोलतो. 2014 चं ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला ते थोडंथोडं मिळालं.

पुस्तक मात्र खोटं बोलत नाही. 2010 साली आलेली 'हिंदू' बंद करून आडवी धरावी आणि पानांची कड पाहावी. सुरुवातीचा पाव भाग हाताळून काळपट, तिथून पुढं सहाशेच्या घरापर्यंत पांढरंशुभ्र. नायक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननात आहे तोवर सगळं गाव त्याच्याबरोबर खणत होतं, नंतर बहुतेकांना शेतीची कामं निघाली. जिथं काळं संपतं त्या पानावर एकानं अहिराणीत विचारलंय, 'पुढे काय व्हस?' आणि खाली उत्तर आहे, 'काहीच व्हत नही. पन वाच.' नेमाड्यांवर प्रबंध खंडीभर झाले असतील. त्यांना एवढं नेमकं वाचलेला माणूस मला याच पानावर भेटला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथं स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासून बसतात. साहित्याबद्दल ही पोरं सगळ्यात अचूक बोलतात. 'ययाति' म्हणा, उत्तर येतं, 'खांडेकर, ज्ञानपीठ 1974.' 'बलुतं' म्हणा, 'दया पवार, 1978.' जळगावचं 1936 चं साहित्य संमेलन? 'अध्यक्ष माधव जूलियन.' धुळ्याचं 1944 चं? 'मामा वरेरकर.' एकाला मी विचारलं, "पण 'ययाति' कशी वाटली रे तुला?" तो गोंधळला. म्हणाला, "सर, याला पर्याय काय काय आहेत?"

तोंडी समीक्षेचा आमचा हंगाम थंडीत येतो, कारण तेव्हा भरिताच्या पार्ट्या असतात. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी लांब वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खात रात्री उशिरापर्यंत एकमेकांना खोडून काढायचं. अशा पार्टीत बहिणाबाईंचा विषय निघाल्यावाचून राहत नाही, कारण आसोदा हे बहिणाबाईंचं माहेर आणि भरिताच्या वांग्यांचंही नाव तेच. गेल्या थंडीत कृषी केंद्रवाले अण्णा म्हणाले, "सर, बहिणाबाईसारखी कवयित्री होणे नाही." मी विचारलं, कुठली कविता आवडते? अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "सगळ्याच," म्हणाले, "पण वांगं यंदा आसोद्याचं नाही, बामणोदचं आहे." मग दोन्ही गावांच्या वांग्यांवर जी चर्चा झाली तिच्यात तुलना होती, परंपरा होती, पुरावे होते आणि प्रत्येकानं मूळ संहिता खाल्लेली होती. साहित्यावरच्या चर्चेत नेमकं एवढंच कमी पडतं.

खरं तर बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या ओव्या म्हणत गेल्या, घरच्यांनी उतरून घेतल्या, मुलानं, सोपानदेवांनी, ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि अत्र्यांच्या आग्रहानं बहिणाबाई गेल्यानंतरच्या वर्षी, 1952 साली, 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. 2018 पासून आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. म्हणजे न वाचलेल्या बाईंच्या नावाची पदवी घेऊन आमची पोरं त्यांनाच न वाचता बाहेर पडतात. फिटंफाट.

पार्टीला बँकेतून निवृत्त झालेले एक बापू असतात. खानदेशी माणसाला साहित्यातलं कळत नाही असं कुणी म्हटलं की ते 1907 साल काढतात. त्या वर्षी जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या ठोमरे आडनावाच्या पोरानं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. "या निकालावर शंभर वर्षांत कुणी अपील केलं नाही," बापू म्हणतात. हे खरं आहे. पण तो निकाल द्यायच्या आधी कीर्तिकरांनी कविता ऐकली होती, हा मुद्दा बापू भरिताबरोबर गिळून टाकतात. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला संमेलन भरलं, 1952 नंतर पहिल्यांदाच. शेजारीच विद्रोही संमेलनही होतं. बापू दोन्हीकडे जाऊन आले. साहित्यातले दोन प्रवाह कसे वाटले, असं विचारलं तर म्हणाले, "जेवण दोन्हीकडे चांगलं होतं. समन्वय शक्य आहे."

या सगळ्यांवरून मला एक गोष्ट पटली आहे. सभेत, पारावर, पार्टीत मत द्यायला पुस्तक वाचायची अट नाही. पण समासात मत लिहायचं तर माणसाला निदान त्या पानापर्यंत यावं लागतं. पान 212 वर 'रटाळ' असं लिहिणाऱ्यानं आधीची 211 पानं सोसलेली असतात. शिवाय तिथं शाल नाही, फोटो नाही, नावसुद्धा नाही. एकटा बसून एखाद्यानं 'रटाळ' लिहिलं तर त्यात लेखकाविषयी आकस नसतो, निव्वळ वेदना असते. म्हणून 'लेखक येडा आहे' या शेऱ्याला मी गौरवग्रंथातल्या चाळीस लेखांपेक्षा वरचं मानतो.

याहून वरचं एकच पीठ आहे, ते म्हणजे आमच्या गल्लीतल्या काकू. आठवड्याला तीन पुस्तकं. रहस्यकथा आणि 'स्वामी' त्या एकाच वेगानं, शेवभाजीचा रस्सा उकळेपर्यंत मिळणाऱ्या वेळात वाचतात. पेन्सिल कधी धरत नाहीत. पुस्तक परत करताना 'द्या दुसरं' म्हणाल्या, की लेखक नापास. 'यांचंच अजून आहे का काही?' म्हणाल्या, की पास. वर्षाकाठी नवी खरेदी करताना ग्रंथपाल कुठलंही परीक्षण वाचत नाहीत, काकूंनी कुणाला 'यांचंच अजून' म्हटलं ते आठवतात. एका फार मोठ्या पुरस्काराच्या कादंबरीला काकूंनी 'द्या दुसरं' म्हटलं, तेव्हा ग्रंथपालांनी त्या लेखकाच्या पुढच्या दोन पुस्तकांवर यादीत काट मारली. लेखकाला अजून हे माहीत नाही. तो पुण्यात मुलाखती देत असेल.

आता माझंही एक पुस्तक आहे. ललितलेखांचं. स्वखर्चानं काढलं, त्यामुळे प्रकाशकाशी मतभेद झाले नाहीत. एक प्रत वाचनालयाला भेट दिली आणि रोज जाऊन समास पाहू लागलो. कोरे. 'रटाळ' नाही, 'येडा' नाही, मामाचा उल्लेख नाही. काकूंनी नेलं, आणलं, आणि काय म्हणाल्या ते ग्रंथपाल मला सांगेनात, म्हणाले, "काकू त्या दिवशी घाईत होत्या."

शेवटी एका दुपारी आसपास कुणी नाही असं पाहून मी पेन्सिल काढली आणि पान 23 वर, अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवून, लिहिलं : 'वा! किती मार्मिक निरीक्षण!' सुरुवात कुणीतरी करून दिली की मागून लोक येतात, हा 'मृत्युंजय'चा अनुभव होता.

लोक आले. काही दिवसांनी उघडून पाहतो तर खाली निळ्या बॉलपेननं लिहिलेलं : 'सर, अक्षर बदललं, पण निरीक्षणातले ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहेत. या वाचनालयात असं दुसरं कुणी लिहीत नाही. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नसतो.' आणि शेजारी, अगदी माझ्या पद्धतीनं, वर्तुळात : 10 पैकी 4.

ते चार गुण मी विनातक्रार घेतले. पोरगा पान 23 पर्यंत आला होता.