आठ का तीन?

फुटेजकाका कोण, हे सांगायची गरज नाही. नांदेडला तरोडा नाक्याकडच्या कॉलन्यांत, लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्ल्यांत ते एकेक तरी असतातच. बहुधा पाटबंधारे खात्यातून नाहीतर बँकेच्या कॅश काउंटरवरून निवृत्त झालेले. म्हणजे जन्मभर काहीतरी मोजत आलेले आणि आता मोजायला काही न उरलेले. घराला कॅमेरे चार. त्यातले तीन घराकडे बघतात ते नावापुरते. सगळा जीव चौथ्यावर, कारण तो रस्त्याकडे तोंड करून आहे आणि रात्री गल्लीतून गेलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर त्यात वाचता यावा, एवढं एकच मागणं काकांनी देवाकडे आणि कॅमेरा बसवणाऱ्या पोराकडे मागितलं आहे. सकाळी दुधाची पिशवी आत घ्यायच्या आधी ते रात्रीचं रेकॉर्डिंग लावतात, चित्र थांबवतात, मोठं करतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि हाक मारतात, "अगं, बघ बरं, हे आठ हाय का तीन?" काकू पोह्यांसाठी कांदा चिरत असतात. त्या मान वर न करता "तीन" म्हणतात. काल "आठ" म्हणाल्या होत्या. गल्ली या प्रकाराला हसते. पण आमचं म्हणणं असं, की हसण्याआधी हा गृहस्थ नेमकं काय शोधतोय ते तपासावं. तो चोर शोधतोय असं तो स्वतः सांगतो, आणि पुरावा पाहता ते खरं दिसत नाही.

पहिला पुरावा गणिताचा. घरोघरी बसतो तो कॅमेरा रुंद नजरेचा असतो. दहा मीटरवर तो साधारण चोवीस मीटर रुंदीचा रस्ता एका चौकटीत बसवतो. चौकटीत आडवे ठिपके १९२०. दुचाकीची पाटी २० सेंटिमीटर रुंद, तेव्हा तिच्या वाट्याला येतात सोळा ठिपके. त्या सोळांत 'एबी १२३४' अशी सहा अक्षरं बसवायची, म्हणजे एका आकड्याला पुरते तीन ठिपकेही नाहीत. तीन ठिपक्यांत आठ आणि तीन वेगळे ओळखणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही, काकूंना तर कांदा चिरायचा असतो. त्यात रात्र. अंधारात कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा पंचविसावा भाग उघडं राहिलं, तर ताशी चाळीसने जाणारी गाडी तेवढ्यात ४४ सेंटिमीटर सरकते. मोटारीची पाटी ५० सेंटिमीटरची. म्हणजे नंबर स्वतःच्याच अंगावर पुसला जातो. राहिलेलं काम कायद्याने केलं आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना आणि पुढे, मुदतीवर मुदत वाढवत, जुन्यांनाही जी उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, तिच्यावरचा पापुद्रा येणारा उजेड आला त्याच दिशेने परत फेकतो. कॅमेऱ्याचे न दिसणारे दिवे भिंगाभोवतीच बसवलेले असतात, त्यामुळे तो सगळा उजेड थेट भिंगात परत येतो आणि पाटीच्या जागी पांढरा फटक चौकोन उरतो. पाटी जेवढी कायदेशीर तेवढी कोरी. ज्याने मुदतीत पैसे भरून नवी पाटी लावली तो भला माणूस रात्री बिननंबरी दिसतो. वाचता येते ती एखादी बेकायदा जुनी पाटी, आणि तिच्यावर २१४ चं 'राम' करून घेतलेलं असतं किंवा नुसतंच 'दादा' लिहिलेलं असतं. 'दादा' एवढ्या माहितीवर नांदेडमध्ये कोणाला पकडणार?

यावर उपाय आहे आणि काकांना तो तोंडपाठ आहे. पाटीसाठी वेगळा, लांब भिंगाचा कॅमेरा घ्यायचा. गाड्या जिथे आपोआप हळू होतात त्या गतिरोधकावर तो रोखायचा. फार उंचावरून किंवा फार तिरका बघू द्यायचा नाही. आणि शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणायचं, म्हणजे चाळीसच्या वेगातली गाडी जेमतेम एक सेंटिमीटर सरकते. असं केल्यावर पाटी खरोखर वाचता येते. फक्त बाकी सगळं काळं होतं: गल्ली गेली, कडुलिंब गेला, गेट गेलं, माणूस गेला, काळ्याकुट्ट पडद्यावरून नुसते नंबर तरंगत जातात. जाणकार म्हणूनच दोन कॅमेरे लावायला सांगतात, एक पाटीला आणि एक माणसाला. काका मात्र या काळ्या पडद्यावर खूश असतात. चोर पायी आला तर तो आता दिसणारच नाही, हे त्यांना कळतं आणि त्याचं दुःख होत नाही. चाचणीसाठी शेजारच्या पोराला स्वतःची स्कूटर देऊन रात्री अकरा वाजता गतिरोधकावरून ये-जा करायला लावतात. त्यामुळे त्यांच्या अख्ख्या संग्रहात शंभर टक्के स्पष्ट नंबर एकच आहे, त्यांच्या स्कूटरचा. तरीही शेवटचा आकडा आठ आहे का तीन, हे एकदा आरसी बुकात बघून घेतलेलं आहे.

मग शोध कशाचा? आमच्या मते गावाचा. मराठवाड्यात अनोळखी माणसाला नावाच्या आधी "कुठले तुम्ही?" हे विचारलं जातं, आणि नंबरपाटी त्याचं उत्तर न विचारता देते. २६ नांदेड, २४ लातूर, २२ परभणी, ३८ हिंगोली, २५ धाराशिव, ४४ अंबाजोगाई. "रात्री दीडला एक अडतीस येऊन गेली," असं काका सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गुन्हेगार नसतो; हिंगोलीहून कोण आलं असेल, कुणाकडे आलं असेल, आणि एवढ्या रात्री जेवून आलं असेल का, हे असतं. पूर्वी ही चौकशी ओट्यावर बसून व्हायची. आता ओटे गेले, सहा फुटी कंपाउंड आलं, गेटला पत्रा लागला. काकांनी ओटाच खांबावर चढवून ठेवला आहे, एवढंच. दोन्ही शहरं परक्यांवर जगणारी, हीच त्यात खरी गंमत आहे. नांदेडला सचखंड हजूर साहिबमुळे पंजाब, हरियाणा, दिल्लीच्या गाड्या बारमाही. २००८ साली गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीला तर शहराने भाविकांसाठी रस्ते रुंद करून घेतले. तेलंगणाच्या गाड्या इतक्या, की २०२४ च्या मार्चमध्ये त्यांच्या नव्या गाड्यांवर 'टीएस'चं 'टीजी' झालं तेव्हा काकांना आठवडाभर उसंत नव्हती. लातुरात शिकवण्यांमुळे निम्मी पोरं बाहेरगावची, आणि त्यांच्यासाठी डबा, गादी, कधी आजी घेऊन येणाऱ्या गाड्या रात्रीच्याच. (२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात काकांकडे हा कॅमेरा असता तर बरं झालं नसतं. कुणाच्या दारात रात्री अडीचला टँकर लागला, याचा पुरावा गल्लीला झेपला नसता.) एवढ्या सगळ्यांत संशयित निवडायचा कसा? निवडता येत नाही, म्हणून काका सगळेच लिहून ठेवतात.

यावर कोणी म्हणेल, भीती काय खोटी आहे? नाही. ५ एप्रिल २०२२ रोजी नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकावर त्याच्या घराच्या दारातच दुचाकीवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या, आणि ते दृश्य कॅमेऱ्यात आलं. ज्या शहराने ते पाहिलं त्याला कॅमेरे का लावता म्हणून विचारू नये. पण ती घटना दिवसाढवळ्या घडली होती. आणि तपासाला घराघरातून मिळणारी मदत बहुधा साखळीची असते: कोण, किती वाजता, कुठल्या वळणाकडे गेलं. दहा घरांची वेळ जुळली तर रस्ता जुळतो. त्यासाठी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लागतं. काकांच्या डीव्हीआरचा सेल संपल्यामुळे लाइट गेली की त्याचं घड्याळ १ जानेवारी २००० वर जातं, आणि गल्लीतल्या सगळ्या गाड्या गेली कित्येक वर्षं त्या एकाच पहाटे येत-जात आहेत. ज्याला खरंच चोर पकडायचा आहे तो आधी ते घड्याळ लावेल. काका आधी शटर लावतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. खाजगीपणाचं काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माणसाने केलेला वापर वगळला आहे, आणि कोण किती वाजता घरी आलं याच्याइतका घरगुती विषय आपल्याकडे दुसरा नाही. हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकांची वही नीट वाचली तर एक गोष्ट खुपते. पोराची बुलेट दीडला आली तर शेरा असतो, 'सायलेन्सर बदलला वाटतं'. पोरीची स्कूटी अभ्यासिकेतून साडेदहाला आली तर शेरा नसतो, नुसती वेळ असते, खाली रेघ मारलेली. तिथे आठ का तीन हा प्रश्न कधी पडत नाही. तो नंबर पाठ असतो. एवढ्यापुरता हा माणूस निरुपद्रवी नाही, आणि ते त्याच्या तोंडावर सांगितलं पाहिजे.

सांगून झाल्यावर मात्र एक कबूल करावं लागतं. कॅमेरे आले तशी गल्लीने गुरख्याची वर्गणी बंद केली. काठी आपटत, शिट्टी मारत जागणारा माणूस गेला, आणि त्याच्या जागी रात्री दोन वाजता स्क्रीनपुढे एकटेच काका जागे. कुणाच्या वडिलांच्या छातीत कळ आली तर अ‍ॅम्ब्युलन्सला कुठल्या वळणावरून आत यायचं ते सांगायला गेटपाशी सगळ्यांच्या आधी तेच उभे असतात, बनियनवर टॉवेल टाकून. त्यात कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. झोप नसण्याचा आहे. गल्लीला जागं राहणारं माणूस हवं होतं, ते फुकटात मिळालं. त्याला ती 'चक्रम' म्हणते आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर म्यूट करते. मग एके सकाळी कुणाची तरी गाडी जागेवर नसते. सगळे काकांच्या दारात, पोलीसही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यावर काका शाळेच्या दाखल्यासारखी ठसठशीत सही करतात, फुटेज स्वतःच्या पेनड्राइव्हवर काढून देतात. पेनड्राइव्ह परत येत नाही. काका आता पेनड्राइव्हचं पाकीटच आणून ठेवतात, आणि हार्ड डिस्कसाठी थोडी वर्गणी काढू या का म्हटलं, तर गल्ली म्हणते, "तुम्हाला तर छंदच हाय की काका!"