मुलुंडचे मुरवणकर

बिअर ही प्यायची वस्तू आहे, हा बहुसंख्य जनतेचा गैरसमज मुरवणकर काका गेली कित्येक वर्षं मुलुंड पूर्वेत राहून दूर करत आले आहेत. त्यांच्या मते बिअर ही ठेवायची वस्तू आहे. पिणं हा पुढचा आणि जमल्यास टाळायचा भाग.

मुरवणकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते सोसायटीतल्या पोरांनी बहाल केलंय. राष्ट्रीयीकृत बँकेच्या ठेवी विभागातून ते सन्मानाने निवृत्त झाले, एवढं सांगितलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं. हातात आलेली गोष्ट लगेच खर्च करणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटतं. मग ती गोष्ट पगार असो, दिवाळीचा नवा शर्ट असो, की बाटली.

त्यांच्या बेडरूममध्ये एक जुना फ्रीज आहे. बाहेरून थर्मोस्टॅट लावून त्यातलं तापमान काकांनी १२ अंशांवर बांधून ठेवलंय. पाहुण्यांपैकी कुणीतरी तो उघडतोच आणि बाहेर येऊन म्हणतो, "काका, तुमचा फ्रीज बिघडलाय. नीट गार होत नाही." त्यावर काका ज्या नजरेने बघतात, त्या नजरेला घाबरून पूर्वी बँकेत लोक कर्जाचा अर्ज मागे घेत. आत बाटल्या उभ्या असतात, आडव्या नाहीत. नाशिकच्या एका वाइनवाल्या जावयाने एकदा प्रेमाने त्या आडव्या करून ठेवल्या, तेव्हा काकांनी त्याला शांतपणे समजावलं. वाइनचं बूच ओलं राहावं म्हणून ती बाटली आडवी ठेवतात. बिअरला पत्र्याचं झाकण असतं, आणि आतलं यीस्ट तळाशी बसायला हवं. जावई पुढच्या दिवाळीला सासरी आला नाही. कारण वेगळं असेलही.

फ्रीजच्या काचेला काळा कागद लावलाय, कारण बिअरवर उजेड पडला की त्यातल्या हॉप्सची द्रव्यं फुटून उग्र, कुबट वास सुटतो. तपकिरी बाटली उजेड बराच अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. म्हणून हिरव्या बाटलीतलं काहीही काकांच्या घरात नांदत नाही. काकूंनी एकदा हिरव्या बाटलीत गुलाबजल आणलं, तर तेही त्यांनी उचलून कपाटाच्या आत सरकवलं.

तसं बघायला गेलं तर काकांचं शास्त्र पक्कं आहे. हलकी बिअर ताजीच प्यावी. हॉप्सचा सुगंध काही महिन्यांत उडतो, तिला थांबवून उपयोग नाही. मुरते ती जड, गडद, ८-९ टक्क्यांच्या पुढची, बाटलीत जिवंत यीस्ट असलेली. ती वर्षा-वर्षाने कडवटपणा सोडते आणि मनुका-खजुराच्या वळणाने जाते. इंग्लंडात डॉर्चेस्टरला १९६८ साली टॉमस हार्डीच्या नावाने एक एल काढली गेली, तीच मुळी पंचवीस वर्षं ठेवता येईल अशा बोलीवर. लोक काशी-रामेश्वरचं नाव घेतात तसं काका तिचं नाव घेतात. पाहिलेली नाही.

आपल्याकडे पंचाईत अशी, की नियमाप्रमाणे स्ट्राँग बिअर म्हणजे ५ ते ८ टक्के. वर ती पाश्चराइज केलेली, म्हणजे यीस्ट स्वर्गवासी. तरीही फ्रीज येण्याआधीच्या काळात काकांनी एक स्वदेशी प्रयोग केला होता. कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमधून आणलेल्या काही बाटल्या माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे, दोन उन्हाळे ठेवल्या. उघडल्यावर मलाही घोटभर मिळाली. भिजलेला पुठ्ठा चघळल्यासारखं लागलं. काका मात्र खूश. "ट्रान्स-टू-नोनेनल!" ते म्हणाले. जुन्या बिअरला पुठ्ठ्याची चव देणारं द्रव्य हेच, आणि ते घरच्या माळ्यावर तयार झालं याचा त्यांना नातू झाल्याइतका आनंद झाला होता.

मग त्यांनी हिशेब मांडला. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. बेल्जियमच्या तळघरात १२ अंश, मुलुंडच्या माळ्यावर ३२. "म्हणजे इथलं एक वर्ष तिथल्या चार वर्षांबरोबर. आपला व्याजदर चौपट आहे!" हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं की काकूंना ते पाठ झालं. ते पुढे महागात पडलं.

"अहो, पण मुद्दलच बुडालं ना," असं मी म्हणून पाहिलं. त्यावर त्यांनी थेट ईस्ट इंडिया कंपनी काढली. लंडनहून निघालेली पिंपं केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्‌महिने डुलत, तापत मुंबईला लागत, तेव्हा गोऱ्यांनी कुठे फ्रीज लावले होते? मी गप्प बसलो. त्या बिअरमध्ये हॉप्स भरपूर घातलेले असत, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. पण वरच्या मजल्यावरच्या माणसाशी इतिहासावरून वाद घालू नये. गळतीचं काम निघतंच कधीतरी.

खरी ठेव जमा झाली ती भाचा लूव्हेनला शिकायला गेल्यावर. परदेशातून येणाऱ्याला करमुक्त दोन लिटर आणता येतं. बेल्जियन बाटली ३३० मिलीची, म्हणजे सहा बाटल्यांचे १९८० मिली. भाच्याने सहा बाटल्या मोज्यांत गुंडाळून सुखरूप आणल्या, तर काकांचं पहिलं वाक्य, "वीस मिली वाया घालवलेस." बिअर रोशफोरची, १० नंबरची, निळ्या झाकणाची, ११.३ टक्क्यांची. मठातले संन्यासी ती करतात, हे त्यांनी काकूंना फार भाविकपणे सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. "मग ते तरी पितात का?" एवढंच त्यांनी विचारलं.

कारण काका पीत नाहीत. म्हणजे तत्त्वतः पितात. एक हजार रुपये भरून त्यांनी आजीव मद्यपरवाना काढलाय. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कृपेने तो प्रकृती सांभाळण्यासाठी मिळतो, आणि काकांची प्रकृती त्या कागदावरच उत्तम राहिली आहे. प्रत्येक बाटलीची वहीत नोंद असते. घेतल्याची तारीख, टक्के, आणि शेवटच्या रकान्यात मुदतपूर्तीची तारीख. ती तारीख जवळ आली की काका अस्वस्थ होतात. आषाढी एकादशीला ड्राय डे, त्यात काकूंचा उपास. मग श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दिवाळीत घर भरलेलं, "गर्दीत चव कळत नाही." मार्गशीर्षात गुरुवार. जानेवारीत काकांना सर्दी. शेवटी ते लाल शाईने लिहितात : नूतनीकरण, दोन वर्षे.

असं सगळं सुरळीत चाललं असतं. पण आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि मे महिन्यात सगळ्यांना भाड्याच्या घरांत हलावं लागलं. लोकांना कॉर्पसची काळजी, कार्पेट एरियाची काळजी. काकांनी सोसायटीच्या सभेत उभं राहून विचारलं, नव्या इमारतीत तळघर असेल का? बिल्डरच्या माणसाने उत्साहाने सांगितलं, हो, दोन मजली, पार्किंगचं. काका समाधानाने खाली बसले. हलायच्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी ते स्वतः बसले. मांडीवर काकूंची गोधडी, गोधडीत सहा बाटल्या, तोंडाने "खड्डा, खड्डा" असा जप. मिठागर रोडवर तेवढाच ऐकू येत होता.

नव्या जागी फ्रीज उतरवला, तर वाटेत तो आडवा झालेला निघाला. आता काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करायचा नाही. खोलीत थर्मामीटर ३४ दाखवत होता. काका बाटल्यांवर ओला पंचा टाकत येरझाऱ्या घालत होते. आम्ही खोके उघडून कपबश्या शोधत होतो. दिवसभराच्या दगदगीने काकूंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी पंचा बाजूला केला, एक बाटली उचलली आणि सांडशीने झाकण उडवलं.

"अगं, अगं! तुझ्याकडे परवाना नाही!" काका ओरडले.

"चौपट व्याजदर आहे ना? सकाळपासून मुरतीय, झाली मुरून." काकूंनी ती स्टीलच्या वाट्यांत ओतली. काळसर तपकिरी, वर जाड साय आल्यासारखा फेस. आम्हा चौघांत घोट घोट आली. पुठ्ठ्याचा मागमूस नव्हता. काकांनी डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "अंजीर. थोडा काळा गूळ. किंचित..."

"चिंच-खजुराची चटणी," काकू म्हणाल्या, "आणि कुणीतरी चिंच घालायला विसरलंय." वाटी त्यांनी चाटूनपुसून संपवली.

काकांनी तो शेरा वहीत लिहून घेतला, कारण तो त्यांच्या अंजिरापेक्षा अचूक होता. दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना काकूंनी सहज विचारलं, "ती दुसरी कधी काढायची?" काका चमच्यातल्या आमटीसकट थांबले. संध्याकाळी किल्लीवाल्याला बोलावून त्यांनी फ्रीजला कडी आणि कुलूप बसवून घेतलं. किल्ल्या दोन मिळाल्या. काका किल्ल्या हरवतात हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्याने दोन्ही काकूंकडे गेल्या.

परवा भाचा आला होता. काकांना त्याला बाटल्या दाखवायच्या होत्या, फक्त दाखवायच्या. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून किल्ली मागत होते. काकूंनी पोळी उलटली आणि मान वर न करता सांगितलं, "मुदतीआधी मोडता येणार नाही. अर्ज करा."