माशा मारायची काठी

मांडवगण फराट्यात नवी वस्तू आणायची असेल तर ती रात्री आणावी, आणि अण्णांच्या ओट्यावरून न जाणाऱ्या रस्त्यानं आणावी. असा रस्ता गावात नाही. त्यामुळे मोबाइल असो, मोटरसायकल असो की लेकीच्या लग्नाचा शालू, आधी अण्णांच्या हातात जातो. अण्णा वस्तू उलटीपालटी करतात, वास घेतात, नखानं टिचकी मारतात आणि विचारतात, “कितीला बसलं?”

तुम्ही आकडा सांगता. अण्णा डोळे मिटतात. मग मोठ्या दुःखानं म्हणतात, “फसलास.”

यातून कुणी सुटलेलं नाही. दौंडच्या दवाखान्यातून मुतखडा काढून आलेल्या पाव्हण्याला त्यांनी आधी खडा दाखवायला सांगितलं, मग बिल विचारलं आणि खड्याच्या आकाराकडे बघत म्हणाले, “एवढ्याशासाठी? फसलात.” मी एकदा हुशारी केली. सात हजारांचा मिक्सर तीन हजारांना घेतला म्हणून सांगितलं. तरी फसलास. पुढच्या खेपेला म्हटलं, “अण्णा, ही खुर्ची ऑफिसातून फुकट मिळाली.” त्यांनी क्षणभर विचार केला. “टेम्पोचं भाडं कुणी दिलं?” मी दिलं होतं.

हे ज्ञान त्यांनी काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात कमावलं आहे. तिथं उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो, शेजारच्याला कळत नाही. अण्णांनी आयुष्यभर लोकांच्या खरेदीत मध्ये हात घातला. बैलाचे दात मोजावेत, खूर बघावेत, दहा पावलं चालवून खोड काढावी आणि घेणाऱ्याला दोन्हीकडून वाचवावं. मात्र त्यांनी स्वतः काही विकलेलं कुणाच्या आठवणीत नाही. त्यांच्या पडवीत बंद पडलेलं ऑइल इंजिन आहे, एक राजदूत आहे, मोट ओढायचं चाक आहे. प्रत्येकाचा भाव ठरलेला आहे आणि तो दर दिवाळीला वाढतो. भंगारवाल्यानं इंजिनाचा भाव विचारला की अण्णा त्याला चहा पाजतात आणि गेल्या वर्षी आला असतास तर स्वस्तात सुटला असतास, असं सांगून परत पाठवतात.

या सगळ्या मालमत्तेचा मुकुटमणी म्हणजे साहेबाची काठी.

ती माळ्यावर पत्र्याच्या नळकांड्यात असते. आत कापडी पिशवी, पिशवीत तीन तुकडे. सांध्याला पांढऱ्या धातूच्या नळ्या, एका टोकाला बुचाची मूठ, अंगावर ठरावीक अंतरावर रेशमी दोऱ्याचे वेढे. तुकडे एकात एक बसवले की साडेनऊ फूट लांब होते आणि शेंड्याला गवताच्या काडीएवढी बारीक. अण्णांचे वडील भाटघरच्या धरणावर कॅनॉलच्या साहेबाकडे पट्टेवाले होते. १९४७ साली साहेब विलायतेला निघाला, तेव्हा जाताना काठी त्यांना देऊन गेला. बक्षीस म्हणून दिली की दोन महिन्यांच्या थकलेल्या पगारापोटी, यावर घरात दोन पक्ष आहेत. अण्णा पगाराच्या पक्षाचे, कारण बक्षिसाला व्याज लागत नाही.

काठी कशाची, हे गावाला पटवणं अवघड गेलं. ही मासे धरायची काठी, इथपर्यंत लोक आले. पण गळाला गांडूळ लावायचं नाही, कणीक लावायची नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, ती पाण्यावर अलगद टेकवायची आणि मासा तिला खरी समजून वर येईपर्यंत उभं राहायचं, हे मी सांगितलं तेव्हा पारावर शांतता पसरली.

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“म्हंजी माशाच मारायच्या की,” एक जण म्हणाला. “त्याला काठी कशाला लागती?”

तेव्हापासून तिचं नाव माशा मारायची काठी. भिगवणच्या बाजारात टोपल्यांनी मासळीचा लिलाव बघणाऱ्या माणसांना एका माशासाठी एक साहेब, एक काठी आणि एक पट्टेवाला हा हिशोब पटण्यासारखा नव्हताच.

गेल्या वर्षी अण्णांनी मला बोलावलं. “तू पुण्याला असतोस. हिचा भाव काढून आण. विकायची आहे.” काकी दारातून म्हणाल्या, “ह्यांनी विकायची म्हटलं म्हणजे आता शंभर वर्षं घरात राहील.”

मी चौकशीला लागलो. मुठीच्या वर पुसट अक्षरं होती: हार्डी ब्रदर्स, अल्निक, आणि खाली, पालाकोना. हार्डी हे इंग्लंडातलं १८७२ चं नावाजलेलं घराणं. पालाकोना हा त्यांच्या बांबूच्या काठ्यांचा छाप. काठी अखंड बांबूची नसते. बांबू चिरून त्याच्या सहा कामट्या काढतात, प्रत्येकीला रंध्यानं तिकोनी करून शेंड्याकडे निमुळती करत नेतात आणि सहाही सरसानं चिकटवतात. आडवी कापली तर पेन्सिलीसारखी षट्कोनी दिसेल. बांबूचं बळ सालीलगतच्या धाग्यात असतं, म्हणून सालीची बाजू बाहेर. बाजारातल्या बुरडाला दाखवली तेव्हा तो बराच वेळ नुसती अंगठ्यानं चाचपत राहिला आणि एवढंच म्हणाला, “जोड सापडत नाही.” तिच्याबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात जाणतं वाक्य हेच.

अण्णांना सांगितलं, की एकोणिसाव्या शतकात अशा काठ्या आपल्याकडच्या भरीव वेळूच्या करत. कलकत्त्याहून जहाजानं जायचा, म्हणून त्याला कलकत्ता केन म्हणत. पुढं चीनच्या ग्वांगडुंगचा बांबू सरस ठरला. ही बहुधा त्याचीच. अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. “हे कुणाला बोलू नको. चायना माल म्हणतील.”

साहेब भाटघरला कोणत्या माशामागे होता, हाही विषय निघाला. मी म्हटलं, “खडशी असेल. महासीर.” या माशाला शास्त्रात नाव दिलं ते कर्नल साइक्सनं. कंपनी सरकारसाठी दख्खनची मोजदाद करायला हा माणूस १८२० च्या दशकात इकडे हिंडला. मुळा-मुठेतले, भीमेतले मासे त्यानं बघितले आणि १८३९ साली त्यांची वर्णनं केली. नावं ठेवताना लॅटिनच्या मागं इथलेच शब्द जोडले: खुद्री, कोलुस, फुलुंगी, पोटेल.

“पाटील?” अण्णा सावरून बसले.

“पोटेल.”

“तेच ते. इंग्रजाला म्हणता येत नसंल.”

आता आमच्या भीमेत जाळं टाकलं तर चिलापी येते. चिलापी भारतात आली १९५२ साली, म्हणजे काठी माशापेक्षा वयानं मोठी. पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं, तिथून आमच्याकडे येतं आणि वर जलपर्णीची सतरंजी. खोटी माशी टेकवायची म्हटली तर पाणी शोधावं लागेल.

भावाचा प्रश्न राहिला. पुण्यातल्या एका जाणकारांनी फोनवर सांगितलं की विलायतेत अशा काठ्या पुष्कळ आहेत. लांब काठ्यांना गिऱ्हाईक कमी, आखूडला जास्त. लिलावात बऱ्याच जणी शंभर-दोनशे पौंडांत जातात. अमेरिकेतल्या पेन किंवा गॅरिसन अशा कारागिरांच्या हातची असती तर गोष्ट वेगळी. मग त्यांनी प्रश्न विचारले, ते मी अण्णांपुढं वाचले. सगळे तुकडे मूळ लांबीचे आहेत का? सांधा उघडताना बुचासारखा आवाज येतो का? सपाट जागेवर लोळवली तर काठी सरळ लोळते का?

अण्णांचा चेहरा फुलला. “म्हंजी दात, खूर आणि चाल. माणूस जाणता दिसतो. बोलव.”

आणि स्वतःची वही काढली. दोन महिन्यांचा पगार तीस रुपये. सवाईनं व्याज, व्याजावर व्याज, ७७ वर्षं. रात्री साडेअकरापर्यंत नातवाच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब चालला आणि आकडा जवळजवळ ८७ कोटींवर जाऊन थांबला. अण्णा स्वतःच दचकले. “एवढं कोण देणार? १ लाख २१ हजारांवर तोडू.”

जाणकार रविवारी निघाले आणि नगर जिल्ह्यात, श्रीगोंदे तालुक्यातल्या मांडवगणला जाऊन पोचले. ‘फराटा’ शब्द आमच्या गावाच्या नावात आहे तो उगीच नाही, हे त्यांना तिथल्या लोकांनी सांगितलं. आमच्याकडे ते अडीच वाजता आले, उपाशी. काकींनी पिठलं-भाकरी आणि ठेचा वाढला. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा म्हणाले, “जेवण सौद्यात धरू नका,” आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. म्हणजे ते धरलेलं होतं.

मग काठी आली. मी कपाळावर हात मारला. बैल बाजारात न्यायचा तर आदल्या दिवशी शिंगं रंगवतात, त्या न्यायानं अण्णांनी मुठीकडचा तुकडा हिंगुळानं लालभडक करून वर वार्निश दिलं होतं. जाणकारांनी तो तुकडा आजारी मुलासारखा दोन्ही हातांवर घेतला. जुन्या काठीचं मूळचं वार्निश म्हणजे तिचा जन्मदाखला. घासून नवी केली की भाव पडतो. हे त्यांनी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. अण्णा म्हणाले, “पोळ्याला हाच रंग चालतो.”

सांधा उघडला. टप् असा स्वच्छ आवाज आला. जाणकार जरा सावरले. “अशा काठीला पुष्कळदा दोन शेंडे असतात. दुसरा?”

अण्णांनी छताकडे बघितलं. उत्तर काकींनी दिलं. “बोरं पाडताना मोडला. नऊ वर्षांचे होते हे. मामंजींनी फोकानं फोडलं. किंमत ठाऊक हाय का तुला ह्याची, म्हणत होते आणि मारत होते.”

“ठाऊक होती का?” मी विचारलं.

“त्यांना तरी कुठं ठाऊक होती,” अण्णा म्हणाले. पण हे ते जरा उशिरानं म्हणाले.

शेवटी ओट्याच्या फरशीवर तुकडे लोळवले. दोन सरळ गेले. मधला लंगडत गेला आणि पोट वर करून थांबला. “वाक आहे,” जाणकार म्हणाले. “वर्षानुवर्षं वजन लटकल्यासारखा. याच्यावर काय टांगत होता?”

“गुढी,” काकी म्हणाल्या.

इंग्रज गेल्यानंतरचा पहिला पाडवा आला, तेव्हा सासूबाईंनी घरातला सगळ्यात देखणा बांबू म्हणून खालचे दोन तुकडे जोडले, वर खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि तांब्याचा गडू. तेव्हापासून दरसाल तेच. साहेबानं मासा झेपावा म्हणून घेतलेल्या काठीनं पाऊणशे वर्षं गडू झेपवला.

जाणकार बराच वेळ हसले. मग चहा झाल्यावर म्हणाले, “एक शेंडा नाही, मधला वाकलेला, खालचा... रंगवलेला. नळकांडं आणि पिशवी मूळची आहे. बारा हजार देतो. दोन हजार तर वाकाचेच कमी केले.”

“कमी?” अण्णा ताठ झाले. “त्या वाकाचे मी पाच हजार जास्तीचे लावलेत!”

सौदा तिथं संपला. जाणकारांनी जाताना सल्ला दिला: काठी भिंतीला टेकवून ठेवू नका, ओली पिशवीत घालू नका, आणि कृपा करून पुन्हा रंगवू नका. अण्णांनी त्यांच्या गाडीला फेरी मारली, टायर दाबून बघितलं आणि किंमत विचारली. ती ऐकून काय म्हणाले, ते सांगायला नको.

संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मला कुठून हौस आली कोण जाणे, मी म्हटलं, “अण्णा, मला द्या.” त्यांनी काही न बोलता खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं. आत त्यांची खरबरीत बोटं माझ्या बोटांवर आली. मी श्वास रोखून मोजायला लागलो: एक बोट धरलं, सोडलं, दोन धरली, सोडली. मग सगळा हात पुढं सरकला आणि मनगटावर थांबला.

“घड्याळ कितीचं रे?”

“एचएमटी आहे. वडिलांचं. मी घेतलेलं नाही.”

पहिल्यांदाच ते ‘फसलास’ म्हणाले नाहीत. उपरण्याखाली अंगठ्यानं काच चाचपली, चावी फिरवून बघितली.

“विकणार?”

“नाही, अण्णा.”

“मग आत्ताच भाव काढून ठेव,” ते म्हणाले. “विकायचं नसलं म्हंजी भाव नीट निघतो.”