पोहोच घेतलीत का?

दिवाळी पहाटेची बैठक रंगात आलेली असते. गायिका ठरलेली असते, तबलजी ठरलेला असतो, चकली विकतची की घरची यावरून पडलेले दोन तट पुन्हा एक झालेले असतात, आणि तेवढ्यात मागच्या खुर्चीतून प्रश्न येतो, "बागेचा अर्ज दिला का? पोहोच घेतलीत का?"

झालं. बैठक तिथेच बसते.

ओळखलंत ना? तुमच्याकडे त्यांना नाना म्हणत असतील, आमच्याकडे अण्णा म्हणतात. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अण्णा अजून आवक-जावकच्या टेबलावरून उठलेले नाहीत. बगलेत निळ्या रेक्झिनची, नाडी बांधायची फाइल. तीत आजवर केलेल्या प्रत्येक अर्जाची स्थळप्रत. स्थळप्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घाईत खरडलेली सही. हिलाच पोहोच म्हणायचं, आणि ती नसेल तर अण्णांच्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नसते.

पुतण्याच्या लग्नात त्यांनी आहेराचं पाकीट दिलं आणि तिथेच उभे राहिले. नवरदेवाला वाटलं, काकांना फोटो हवाय. काका म्हणाले, "मिळालं, एवढं लिहून दे. पूर्ण सही नको, इनिशियल चालेल." शहरात नीट चालणारं एकच कार्यालय त्यांना मान्य आहे, ते म्हणजे पिठाची गिरणी. डबा ठेवला की चिठ्ठी मिळते. लग्नाचा होकारसुद्धा त्यांनी रजिस्टर एडीने कळवला होता, असं वहिनी सांगतात. माहेरच्या नावाने वहिनींनी सही केलेलं ते पोचपावतीचं कार्ड फाइलीत आजही पहिलं आहे. वहिनी हे तक्रार म्हणून सांगतात, पण नव्या शेजाऱ्यांना आवर्जून सांगतात.

तर दिवाळी पहाट. आम्ही पत्रिकेत वेळ टाकली होती पहाटे पाचची. अण्णांनी पत्रिका चष्म्याजवळ नेली आणि म्हणाले, "2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद."

"अहो, सणासुदीला सूट असते ना?"

"असते. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस. पण तीही रात्री 10 ते 12. पहाटेला कोणी वाली नाही."

"मग सहाला सुरू झालेली दिवाळी पहाट कसली?" गायिकेच्या यजमानांनी विचारलं. अण्णांनी शांतपणे पंचांग काढलं. सूर्योदय साडेसहाच्या सुमाराचा निघाला. "सहाला सुरू करा. अर्धा तास पहाट बसते नियमात."

एवढ्यावर थांबले असते तर ते अण्णा कसले! बागेच्या मागे एक प्रसूतिगृह आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतं. अण्णांनी सोसायटीतली दोन पोरं धरली, त्यांच्या हातात टेपची दोन टोकं दिली आणि भर उन्हात मोजणी काढली. चार मीटरनी वाचलो. तरी निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहेच, म्हणून तबलजीला वेगळी सूचना. स्टेज हिरवळीवर नाही, फरशीवर. फराळ पत्रावळीवर, कारण थर्माकोलच्या ताटल्यांवर 2018 पासून बंदी. बॅनर झाडाला बांधायला गेलेल्या पोराच्या हातात खिळा दिसला, तर त्याला 1975 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा उभ्या उभ्या ऐकवला. त्या पोराने बॅनर शेवटपर्यंत हातात धरून ठेवला.

अण्णांचं हे अर्जवेड आमच्या बागेपुरतं नाही. 2022 च्या दसऱ्याला सगळा महाराष्ट्र खरी शिवसेना कोणाची यावर भांडत होता. अण्णा भांडत होते दसरा मेळाव्याला शिवाजी पार्क मिळावं म्हणून अर्ज कोणाचा आधी पोहोचला यावर. 2010 साली उच्च न्यायालयाने ते मैदान शांतता क्षेत्र ठरवलं, खेळाशिवायच्या कार्यक्रमांना तिथे वर्षात 45 दिवसच मिळतात, हे त्यांना तोंडपाठ. पालिकेने कायदा-सुव्यवस्थेचं कारण देत दोन्ही गटांचे अर्ज फेटाळले तेव्हा ते जेवले नाहीत. उच्च न्यायालयाने ठाकरे गटाला परवानगी दिली तेव्हा त्यांना राजकारणाचं सुखदुःख काही नव्हतं. "शेवटी अर्जावरच निकाल झाला ना?" एवढंच म्हणाले आणि कात्रण फाइलीत लावलं.

आमची पहाट ठीक सहाला सुरू झाली आणि छान झाली. संपायला दहा मिनिटं उशीर झाला, म्हणून पालिकेचं पत्र आलं. खुलासा सादर करा. अण्णांनी केला. वर अनामत रक्कमही परत मिळवली. अनामत परत मिळालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढे थंडीत त्याच बागेत भावी नगरसेवकांचा वाढदिवस झाला. हिरवळीवर मांडव, गुलमोहराला खिळे ठोकून साहेबांचे फलक, आणि प्रसूतिगृहातल्या बाळांना जन्मतःच डीजे. अर्ज नाही, अनामत नाही. आम्ही गॅलरीतून बघत होतो. अण्णा फाइल घेऊन खाली गेले.

"परवानगी दाखवा."

"काका, वरून फोन आलाय."

"बरं. त्याची पोहोच?"

मांडवभर हशा पिकला. आम्हीही हसलो, वर गॅलरीत, हळूच.

अण्णांनी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारणा केली. तिसाव्या दिवशी उत्तर आलं: सदर दिनांकास सदर उद्यानात कोणताही कार्यक्रम झाल्याची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही. बरोबरच आहे. अर्ज केला नाही, म्हणून नोंद नाही. नोंद नाही, म्हणून कार्यक्रम नाही. कार्यक्रमच नाही, तर कारवाई कोणावर? आम्ही अर्ज केला, म्हणून आम्हाला दहा मिनिटांचा खुलासा. नियम विचारायला जातो त्यालाच ते लागू होतात.

मी चिडून अण्णांना म्हटलं, "पुढच्या वर्षी आपणही अर्ज नको करूया." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. ते पत्राला पंचिंग मशिनने भोकं पाडत होते. "उत्तर लेखी आलंय. अपील करता येतं." पहिलं अपील झालं, फेटाळलं गेलं. दुसरं वर जाऊन पडलं.

मग निवडणुका जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली, आणि फोनवर बागा मिळायच्या बंद झाल्या. एका संध्याकाळी वाढदिवसाच्या मांडवातले तेच कार्यकर्ते अण्णांच्या दारात. "अण्णा, तो अर्ज कसा करतात?" मी म्हटलं, हाकलून द्या. अण्णांनी त्यांना खुर्च्या दिल्या, वहिनींना चहा टाकायला सांगितला आणि दोन प्रतींत अर्ज लिहायला घेतला. "अर्ज करायला आलेल्या माणसाला परत पाठवायचं नसतं," असं मलाच वर ऐकवलं. या माणसाचा राग फार वेळ धरता येत नाही, ही मोठी अडचण आहे.

अर्जाच्या शेवटी त्यांनी एक अट घातली: गेल्या वर्षी वाढदिवसाच्या कार्यक्रमात गुलमोहराला ठोकलेले खिळे अर्जदार स्वखर्चाने काढून घेतील. कार्यकर्त्यांनी न वाचता खाली सही ठोकली. दुसऱ्या दिवशी त्यावर पालिकेचा गोल शिक्का बसला, आणि न झालेला कार्यक्रम अर्जदाराच्या सहीनिशी नोंदीत आला. अण्णांनी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि एक अपिलाला जोडली.