एकोणपन्नास राज्यांचा हिशेब

अमेरिकेत राज्यं पन्नास. एकात लायसन्स निलंबित झालं तर एकोणपन्नास उरली, असा साधा हिशेब तिथले काही बहाद्दर मांडतात. नेवाडात दारू पिऊन पकडले जायचं आणि ॲरिझोनाच्या खिडकीवर सज्जन चेहऱ्याने उभं राहायचं! पण खिडकीमागचा कारकून चेहरा बघत नाही, संगणक बघतो.

१९६० सालच्या कायद्याने तिथे राष्ट्रीय चालक नोंदवही आली. आज तिच्यात गुन्ह्याचा तपशील नसतो. कुठल्या राज्यात विचारायचं, एवढंच ती सांगते. स्थळाच्या चौकशीत शेजारीण म्हणते ना, ‘मुलगा चांगलाच आहे हो, पण त्याच्या आधीच्या गावी एकदा विचारा.’ पुढचं सांगावं लागत नाही.

दारुड्यांचं ठीक आहे. पण पोटगी थकली तरी तिथे लायसन्स जाऊ शकतं. मग गाडी नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून पोटगी नाही. एवढा चोख कारभार आपल्या सरकारी कचेऱ्यांनाही जमलेला नाही.

तिकडे कुणी भाचा-पुतण्या अडकला असेल तर कळवा: आधी जुन्या राज्याचं देणं फेड, मग नव्या राज्यात रांग लाव.